पाठीमागे बांधलेले हात

हंसाबेन गेल्याचं मला रतनने कळवलं. रतन अक्कलकुवा ते मोलगी जीप चालवतो आणि मोलगीच्या बाजाराच्या दिवशी पुढची जागा बेनसाठी राखून ठेवायचा. शहाद्यातल्या माझ्या दवाखान्यात मी एका शेतकऱ्याचा आखडलेला खांदा सोडवत होतो. फोन वाजत राहिला म्हणून शेवटी उचलला. "भाऊ, बेन गई," तो म्हणाला. मी काही बोलायच्या आतच पुढे म्हणाला, "आते मोलगीले कोन जाई?" बेन कशाने गेल्या, हे मी नंतर विचारलं. झोपेतच गेल्या होत्या. 

बेननी सुरतेच्या एका इस्पितळात उभी हयात फिजिओथेरपी केली. निवृत्तीनंतर त्या गुजरातच्याच हद्दीत, पण महाराष्ट्राला लागून असलेल्या सागबाऱ्याकडच्या एका गावात भावाकडे राहायला आल्या. तिथून मोलगी जवळ. एका शिबिरासाठी म्हणून आल्या, तिथेच आमची ओळख झाली, आणि मग येतच राहिल्या. बाजाराला डोंगरातून उतरणाऱ्या बाया कंबरेवर मूल घेऊन यायच्या. कोणाचे पाय जन्मापासून ताठ, कोणाची मान धरत नाही. एका शिक्षकाने आपली पत्र्याची खोली दिली होती. अडचण एकच होती. बेनची नोंदणी गुजरातची आणि पेशंट महाराष्ट्रातले. त्यांनी इकडे अर्ज केला, पण त्यांचा डिप्लोमा फार जुना, आता तो चालत नाही म्हणून अर्ज परत आला.

नोंदणी करणाऱ्या कौन्सिलच्या नियमांत एक सवलत होती. मी चौकशी केली तेव्हा मला समजलं ते असं, की बाहेरच्या राज्यात नोंदणी असलेला माणूस इथल्या नोंदणीकृत थेरपिस्टच्या देखरेखीखाली काम करू शकतो. मात्र देखरेख करणारा तिथे हजर हवा, नुसतं नाव देऊन भागत नाही. मी इथला नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट, म्हणून तो देखरेख करणारा मी होतो. मला काही करायचं नव्हतं. त्या खोलीत बसायचं होतं, एवढंच.

सुरुवातीला मी नियमाने गेलो. मला जीपमधून उतरताना पाहिलं की लायसन आल्याची वर्दी द्यायला रतन ओरडायचा, "बेन, तुन्हं लायसन ऊनं!" आणि बेन आतून म्हणायच्या, "लायसनला चहा द्या ने. भूखं लायसन काय कामाचं?" दोघांनी माझं नाव लायसनच ठेवलं होतं. मी खुर्चीवर बसून चहा प्यायचो आणि त्यांचे हात पाहायचो. ताठ पायाला त्या ओढत नसत. तळवा ठेवायच्या आणि वाट पाहायच्या, तो पाय स्वतःहून ढिला होईपर्यंत...

मग माझं जाणं कमी झालं. बाजाराचा दिवस माझ्याही गर्दीचा. एकदा चुकलं, दोनदा चुकलं, पुढे मी कारण सांगणंही सोडलं. माझ्याशिवायही बेनचं काम चालूच होतं. शेवटी शहाद्यातल्या एका समव्यवसायी मित्राने सहज विचारलं, "मोलगीत त्या बाई कोणाच्या नावावर बसतात रे?"  नियम चुकीचा आहे असं मी तेव्हाही म्हणालो नाही, आजही म्हणणार नाही. फिजिओथेरपीची पाटी लावून बसलेल्या एका तेलमालिशवाल्याने मोडलेलं खुब्याचं हाड चोळून कायमची लंगडी केलेली म्हातारी माझ्याच टेबलावर आली होती. पण त्या दिवशी मला ती म्हातारी आठवली नव्हती. मला माझी स्वतःची नोंदणी आठवली होती.

मी मोलगीला जाऊन बेनना सांगितलं, "मी नसताना पेशंटला हात लावू नका."

"तो तुमी या ने."

"जमत नाही हो, बेन. गर्दीचा दिवस असतो."

 मग म्हणाल्या, "आईने आपल्या लेकराचा पाय वाकवला, तर तुमचं कौन्सिल आईला पकडेल?"

"नाही. घरच्या माणसाला परवाना लागत नाही."

"बस. हाथ नथी लगाडवो? सारूं. नहीं लगाडूं."

पुढच्या बाजारापासून त्यांनी नवी रीत धरली. खोलीत आल्या की सेवंतीबाईकडून स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे रुमालाने बांधून घ्यायच्या. सेवंतीबाई पावरा या आदिवासी समाजातली. तिचा मुलगा दिलीप बेनचा पहिला पेशंट. हात बांधून घेण्याचं मला रतनकडून कळलं. मी रागाने फोन केला, माझी लाज काढता का म्हणून. बेन हसल्या. "तुमच्यासाठी नाही, भाई. या हातांना चाळीस वर्षांची सवय. मी नाही म्हणते तरी पुढे जातात." हात बांधून त्या नुसत्या बोलायच्या... खाली, अजून खाली, आता थांब, त्याला श्वास घेऊ दे. आणि आयांचे हात शिकत गेले. दिलीप भिंतीला धरून उभा राहिला.

ही गोष्ट इथेच संपवली तर ती गोड वाटेल आणि माझीही सुटका होईल. पण मोहाच्या झाडावरून पडलेला एक तरुण त्या खोलीत आला होता. त्याच्या खांद्याला जाणत्या हातांची गरज होती. घरी करणारं कोणी नव्हतं. बेननी त्याला शहाद्याला, माझ्याकडे पाठवलं. तो आला नाही, टोळीबरोबर ऊसतोडीला गेला. त्याचा हात अजून कानापर्यंत जात नाही, असं टोळीतल्या लोकांकडून ऐकून रतन सांगतो. मी त्या खुर्चीवर बसलेलो असतो, तर बेनचे हात मोकळे असते. हे वाक्य मी मनात पुष्कळदा फिरवून पाहिलं. ते कुठूनही बदलत नाही.

बेननंतरच्या दुसऱ्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मी रतनला फोन केला. "पुढची जागा ठेव."

 तो म्हणाला, "लायसन येई ऱ्हायनं का?"

"हो, येतंय."

खोली उघडी होती. मला वाटलं होतं, कोणी नसेल. आत सेवंतीबाई उभी होती आणि खाटेवर एक नवी आई तान्ह्या मुलीला घेऊन बसली होती. सेवंतीबाई तिला पावरीत काहीतरी समजावत होती, आणि तिचे दोन्ही हात पाठीमागे बेनच्या निळ्या रुमालाने बांधलेले होते. मी विचारलं, "बाई, हात का बांधले?"

तिने मी खुळा असल्यासारखं पाहिलं. "शिकवताना बांधायचे असतात. बेन बांधायची ना. नाहीतर पोराला गुण येत नाही."

तिला वाटत होतं, ही उपचाराचीच रीत आहे. मी तिचा रुमाल सोडला. मी आता काम करणार हे ओळखून तिने तो झटकला आणि म्हणाली, "डॉक्टर, मागे फिरा. तुमचे बांधते."

"माझे नाही बांधायचे," मी म्हणालो.  माझे हात मोकळे होते. सगळा काळ मोकळेच होते.

सेवंतीबाईने रुमाल खिळ्याला टांगला. तो अजून तिथेच आहे. शहाद्याच्या दवाखान्यावर आता पाटी आहे, मोलगीच्या बाजाराच्या दिवशी बंद. पहिल्या आठवड्यात पेशंट कुरकुरले, आता नाही कुरकुरत. ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या की त्या तरुणाला जीपमध्ये घालून आणायचं रतनने कबूल केलं आहे. इतक्या उशिरा खांदा किती उघडेल, सांगता येत नाही. जेवढा उघडेल तेवढा उघडायचा.

त्या दिवशी मी खाटेपाशी खाली बसलो. त्या मुलीचा ताठ पाय तळव्यावर घेतला, आणि ओढला नाही. वाट पाहिली.