पानात बांधलेले दांगो

लंडनच्या कॅमडेनमधल्या ज्या जपानी हॉटेलात मी कॉलेज सांभाळून भांडी घासते, तिथल्या स्वयंपाकीणबाई आमचं दुपारचं जेवण वेगळं करतात. मेन्यूवर नसलेलं, त्यांच्याकडच्या गावागावांतलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी ‘होतो’ केलं. कणकेच्या जाड, रुंद पट्ट्या आणि लाल भोपळा, मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, दाट रश्श्यात शिजवलेला. आईच्या चकोल्याच. मी न विचारता दुसरा वाडगा घेतला. मग एकदा ‘झुंदा मोची’: चिकट तांदूळ कुटून केलेले गोळे आणि वर कोवळ्या हिरव्या सोयाबीनची गोड चटणी. गोड चटणी म्हटल्यावर मी जरा मागे सरले होते. जपानी म्हटलं की लोक सुशीपाशी थांबतात. थांबू नये, एवढं मला आता कळलंय.

पण सर्वांत आवडले ते सासादांगो. बाई निगाताच्या, आणि हे त्यांच्याच मुलखातलं. दवण्यासारख्या वासाचा पाला घातलेली तांदळाची हिरवी उकड, आत लाल दाण्यांचं पुरण, बाहेर बांबूचं पान आणि गवताच्या दोरीची गाठ. मग वाफवायचे. हळदीच्या पानातल्या पातोळ्या मी फक्त एका मैत्रिणीच्या डब्यातून खाल्ल्या आहेत, पण त्याच मला आठवल्या.

म्हणूनच लंडनबाहेर वॉटफर्डला काय न्यायचं ते लगेच ठरलं. तिथल्या एका मराठी काकूंना घरातली एक खोली भाड्याने द्यायची होती. ‘मराठी मुलीला प्राधान्य’ असं त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं होतं. माझी हॉस्टेलची मुदत महिनाअखेर संपत होती आणि लंडनमधलं भाडं मला झेपणारं नव्हतं. फोनवर काकू छान बोलल्या. “गणपतीला ये, घर बघ, मग ठरवू.”

आमच्या घरी गणपती बसत नाही. आमच्या भिंतीवर ज्यांचा फोटो आहे, ते शिकायला इथे आले तेव्हा कॅमडेनमध्येच राहिले होते. लंडनला उतरल्यावर वडिलांनी मला आधी त्यांचं स्मारक झालेल्या त्या घरासमोर उभं राहून फोटो पाठवायला लावला होता. म्हणून गणपतीला जावं की नाही, मला कळेना. आई म्हणाली, “जा गं. खोलीचा प्रश्न आहे. रिकाम्या हाताने जाऊ नकोस, आणि माझा स्टीलचा डबा परत आण.”

बाईंनी सुट्टीच्या दिवशी हॉटेलच्या स्वयंपाकघरात मला दांगो करू दिले. गाठ मात्र त्यांच्या मनासारखी येईपर्यंत सोडवायला लावली.

काकूंचं घर मोठं, माणसांनी भरलेलं. मी डबा उघडून दाखवला. त्यांचा इथेच जन्मलेला मुलगा वाकून म्हणाला, “मम्मी, हा तर आपला पातोळ्या आहे! कॅन आय?”

“हात नको लावू.” काकू हसून माझ्याकडे वळल्या. “कुठे केलंस हे?”

“मी काम करते त्या हॉटेलात, काकू. पण सगळं शाकाहारी आहे. तांदूळ, साखर, कडधान्य...”

सोफ्यावरचे एक काका म्हणाले, “जपानी लोक पाण्यातसुद्धा मासा उकळतात, माहितीये ना?” सगळे हसले. मीही हसले.

“आडनाव काय म्हणालीस तू?” काकूंनी विचारलं.

मी सांगितलं.

“अच्छा,” काकू म्हणाल्या. मग डब्याकडे बघून, “आम्ही तसलं काही मानत नाही हं. इतकी वर्षं इथे राहिलोय. पण बाप्पासमोर घरचंच ठेवतो.”

त्यांनी झाकण लावलं आणि डबा आतल्या खोलीत वॉशिंग मशीनवर ठेवला. तेवढ्यात कुणीतरी सुपरमार्केटमधला चॉकलेटचा डबा आणला. त्यावरचं किमतीचं लेबल काकूंनी नखाने काढलं आणि तो बाप्पासमोर ठेवला.

आरती झाली, जेवणं झाली. खोली मला कुणी दाखवली नाही. गर्दी आहे म्हणून असेल, असं मला वाटलं. मी सगळ्यांचे कप विसळून ठेवले. निघताना काकूंनी दारात डबा हातात दिला. तो जड होता.

“डबा रिकामा देऊ नये, बाई,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. “रूमचं कळवते.”

स्टेशनपर्यंत मी जवळजवळ उड्या मारत गेले. जिच्याशी संबंध ठेवायचा नाही तिला कोण डबा भरून देतं? ट्रेनमध्ये बसल्यावर मोदकांच्या आशेने झाकण उघडलं.

आत माझेच दांगो होते. एकही गाठ सुटलेली नव्हती.

मी ते पुन्हा पुन्हा बघत राहिले. मग एक सोडवला आणि खाल्ला. उकड मऊ होती, पुरण नेमकं गोड होतं. बिघडले असते तर बरं झालं असतं.

ट्रेन यूस्टन स्टेशनच्या आधी थांबून राहिली तेव्हा आईचा फोन आला.

“डबा आणलास का?”

“हो.”

“रिकामा?”

“नाही. भरून दिला.”

“काय दिलं?”

मांडीवरच्या बांबूच्या पानाकडे बघत मी म्हणाले, “पातोळ्या.”

“बघा,” आई वडिलांना ओरडून सांगत होती, “पोरीला डबा भरून दिला त्यांनी! म्हणजे खोलीचं झालंच!”