गांध्यांची वही

गुजरातेतल्या नवागामच्या ज्या कारखान्यात मी साड्यांना लेस लावायचे, तिथे आम्ही दहा-बारा बायका एका ओळीत मशीनवर बसायचो. एका दुपारी माझ्या दंडाला खाज सुटली. बाही वर करून पाहते तर लाल, फुगलेल्या गांध्या. तासाभरात त्या पोटावर, मांड्यांवर उठल्या आणि संध्याकाळपर्यंत एकही खूण न ठेवता मावळल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच.

प्लेगची साथ होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्या वेळी आम्ही पोरंबाळं घेऊन गावी, खानदेशात पळालो होतो आणि ती भीती अजून मनातून गेली नव्हती. शेजारच्या मशीनवरची बाई आमच्याच भागातली. माझा हात बघून ती म्हणाली, "तुना हातले काय व्हयनं व?" दुसऱ्या दिवशी ती एक मशीन सोडून बसली. मधल्या मशीनवर तिनं स्वतःची टोपली ठेवली. माझा पाण्याचा पेला वेगळा झाला. आठवड्याभरात शेठ म्हणाले, "बेन, बरी हो, मग ये."

घरी सासूबाईंनी आधी वांगी बंद केली, मग शेंगदाणे, दही, अंडी, लोणचं. चार महिन्यांत मी नुसत्या वरणभातावर आले, गांध्या होत्या तशाच. गल्लीतले डॉक्टर सुई टोचायचे, तेवढा दिवस बरा जायचा. त्यांच्या गोळीनं मात्र दिवसाढवळ्या डोळे मिटायचे. एकदा भाकरी तव्यावर जळून कोळसा झाली आणि मी तिथेच बसल्या बसल्या पेंगत होते. त्या दिवशी ठरवलं, आता आपलं आपणच बघायचं.

मी एकटीच मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले. चामडीच्या डॉक्टर गुजराती होत्या, माझ्याच वयाच्या. नेमकी तेव्हा माझ्या अंगावर एकही गांधी नव्हती.

"दाखवायला काही नाही," मी गुजरातीत म्हटलं.

"मग सांगा," त्या म्हणाल्या. मी सांगत गेले, त्या मध्ये बोलल्या नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, "यात तुम्हाला सगळ्यात जास्त काय सलतं?"

खाज, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि भलतंच निघालं. "माझं काम गेलं. मला कामावर परत बसायचंय."

त्यांनी ते केसपेपरवर लिहिलं. मग म्हणाल्या, "याचं कारण पुष्कळदा सापडतच नाही, बेन. तुमची काही चूक नाही. हे कुणाला लागतही नाही. वेळ लागेल, पण ताब्यात ठेवता येईल." त्यांनी कमी झोप आणणारी गोळी दिली. गांध्या उठोत न उठोत, ती रोज घ्यायची. आणि एक काम सांगितलं: गांध्या कधी उठल्या, त्याआधी काय खाल्लं, काय केलं, कुठलं औषध घेतलं, सगळं लिहायचं.

मी सातवी पास. लेकीच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढून शिवली आणि तीन आठवडे लिहिलं. मुद्दाम तीनदा वांगं खाल्लं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी वही उघडायच्या आत मीच सांगितलं, "वांग्यानं काही होत नाही. पण दुकानातली डोकेदुखीची गोळी घेतली, की गांध्या जोरात उठतात. चार वेळा झालं."

त्यांनी पानं पडताळली आणि हसल्या. "माझं काम तुम्हीच केलंत." ती गोळी त्यांनी बंद केली, डोक्यासाठी दुसरी दिली आणि सगळं खायला सांगितलं. मग स्वतःहून म्हणाल्या, "आता कामाचं बघू. शेठसाठी चिठ्ठी देऊ?"

"द्या. पण मोठ्या अक्षरात."

चहाच्या वेळी मी कारखान्यात उभी राहिले आणि चिठ्ठी मोठ्यानं वाचली. हा रोग स्पर्शानं पसरत नाही. शेजारीण म्हणाली, "खरंच नाही लागत?" मी बाही वर केली. दोन गांध्या होत्याच. म्हटलं, "माझ्या दोन लेकी रोज मला चिकटून झोपतात. त्यांना झालं का काही?" तिनं उठून मधल्या मशीनवरची टोपली उचलली. शेठनी माझ्या मशीनकडे बोट दाखवलं, "बेसी जा, बेन."

गांध्या एकदम गेल्या नाहीत. आधी रोजच्या होत्या, त्या आठवड्याच्या झाल्या, मग महिन्यातून एखादी. पुढच्या वर्षी डॉक्टर म्हणाल्या, गोळी हळूहळू कमी करून बघू या. मी म्हटलं, "आत्ता नको. गावी नणंदेचं लग्न आहे, मांडवात मला खाजवत बसायचं नाही."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "लग्न उरकून या."

लग्नात मी हळदीपासून पाठवणीपर्यंत उभी होते. परत आल्यावर गोळी आधी एक दिवसाआड झाली, नंतर आठवड्यातून दोनदा, आणि उन्हाळा लागता लागता मी ती बंद केली. वहीत लिहायला एकही गांधी उरली नव्हती.