रुमालाखालचा भाव

भवानी पेठेतल्या माझ्या शेजारच्या दुकानदाराने मला फसवले. तो पिढीजात व्यापारी. मी धनगर, मेंढरांमागून उठून घोंगड्यांचे दुकान मांडलेला. त्याचा माल माझ्यापेक्षा सरस नव्हता, आमच्याच भावकीतल्या मागांवरून यायचा. तरी त्याच्या घरावर माडी चढली आणि माझे छप्पर गळतच राहिले. मला वाटे, मी कष्टात कमी पडतो.

त्याच्या मुलीच्या लग्नात बैठकीला अंथरायला त्याने माझ्याकडून वीस नवी घोंगडी नेली. मीच ती अंथरली. त्यांवर त्याचे सोयरे बसले. त्यांत गावातल्या कापडगिरणीतला मोठा कारकूनही होता. मला पान मिळाले ते अंगणात, शेवटच्या पंगतीला. मी पोटभर जेवलो आणि खुशीत घरी आलो.

तिसऱ्या दिवशी तो दुकानात आला. पेठेच्या रिवाजाप्रमाणे रुमालाखाली माझा हात घेऊन त्याने भावाची बोटे दाबली. नेहमीपेक्षा एक बोट जास्त! मी नकारार्थी मान हलवली. त्याने आणखी एक वाढवले. पेठेत भावात मला कुणी हरवत नसे. मी मनात हसलो आणि पावसाळाभर विणून घेतलेला सगळा माल त्याला दिला.

आठवड्याने कळले, गिरणीला पहारेकऱ्यांसाठी घोंगडी हवी होती. अशा एका मागणीची मी कित्येक वर्षे वाट पाहत होतो. धावत गिरणीच्या दारात गेलो. माल येऊनही पडला होता. माझाच माल, दुप्पट भावाने. मी तिथून थेट शेजाऱ्याच्या दुकानात शिरलो.

“अण्णा, तुमास्नी ठाव हुतं की!”

“होतं. लग्नात बैठकीत विषय निघाला.”

“मग मी न्हवतो व्हय लग्नात?”

“तुम्ही अंगणात होता, दादा. आणि मी काय जबरदस्ती केली? दुसरं बोट तर तुम्हीच वाढवून घेतलंत.”

ऐकणारे हसले. मी लोखंडी गज उचलला. चौघांनी मला धरले.

मी काही साधू नाही. वाडीवरून लोकर घेताना पेठेतला भाव मीही सांगत नाही. भावात हरलो असतो तर गप्प बसलो असतो. पण भाव जिथे ठरतो तिथे मला बसूच द्यायचे नाही, मग मी घासाघीस करायची कुणाशी? त्या दुकानदाराने आणि त्या कारकुनाने भर पेठेत उभे राहून याचे उत्तर द्यावे.