साखरपुड्याकडे पाठ

माझ्या भाचीच्या साखरपुड्याचे मी चारशे बारा फोटो काढले. त्यांतल्या एकाही फोटोत भाचीचा चेहरा नाही.

याची सुरुवात मोबाइलवर झाली. दारव्ह्याच्या एका कचेरीत मी आवक-जावक बघतो. त्या कामात कल्पकतेला वाव म्हणजे शिक्का थोडा तिरका मारणे. अशा माणसाला ऐन जेवताना कुणी सांगितलं की, तुमच्या आत एक कलावंत झोपलेला आहे, तर तो हातातला घास खाली ठेवतोच. मीही ठेवला. मग सर्जनशीलतेवरची आणि फोटोग्राफीवरची व्याख्यानं मी रोज ऐकू लागलो. त्यांत एक दाढीवाले गृहस्थ होते, फार हळू बोलायचे. ‘सगळे बघतात तिकडे बघू नका,’ ते म्हणत. ‘वळा. खरा फोटो तुमच्या पाठीमागे आहे.’

मी एक जुना कॅमेरा घेतला आणि घरच्या वांग्यांपासून सुरुवात केली.

‘अहो, वांगे द्या इकडं. भाजी करायची हाये,’ बायको म्हणाली.

‘थांब. उजेड येऊन राह्यला.’

त्या दिवशी आम्ही चार वाजता जेवलो.

इथवर नुकसान घरातल्या घरात होतं. पण दिग्रसला माझ्या ताईच्या मुलीचा, पल्लवीचा साखरपुडा ठरला, आणि मी भाऊजींना फोन केला. ‘फोटोग्राफर कायले सांगता? घरचा माणूस हाये ना.’ भाऊजी साधे. त्यांनी ठरवलेल्या फोटोग्राफरला नको म्हणून कळवून टाकलं.

साखरपुड्याला मी जीव ओतला. मेंदीचे हात टिपले, दाराशी सोडलेल्या चपला टिपल्या, चहाची वाफ टिपली. एका आजोबांच्या कानातले केस तर मी अकरा वेळा टिपले (उजेड फार सुरेख पडला होता). अंगठ्यांची वेळ झाली तेव्हा मी माइक घेतला आणि पाहुण्यांना विनंती केली की, कृपया सर्वांनी आपापले मोबाइल खिशात ठेवावेत, कलेत व्यत्यय येतो. बिचाऱ्यांनी ठेवले. मग पल्लवीने आणि नवरदेवाने, निखिलने, एकमेकांना अंगठ्या घातल्या, टाळ्या झाल्या, ताईचे डोळे भरून आले. मी या सगळ्याकडे पाठ करून उभा होतो आणि टाळ्या वाजवणाऱ्यांचे फोटो काढत होतो.

थोड्या वेळाने पल्लवी आली. ‘मामा, अंगठीचा फोटो दाखवा ना.’

मी दाखवू लागलो. तिच्या मागे ताई येऊन उभी राहिली, ताईच्या मागे भाऊजी. शंभरेक फोटो सरकले.

‘विनू,’ ताई म्हणाली, ‘मले चपला दिसून राह्यल्या, कान दिसून राह्यला. माही पोरगी कुठं हाये?’

‘ताई, ती भावनेत आहे.’

पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात एकदाच होणारी गोष्ट, आणि मामाकडे तिचे फक्त प्रेक्षक होते. तेव्हा मात्र मी कॅमेरा बंद केला.

‘त्यात काय, पुन्हा घालू अंगठ्या,’ निखिल म्हणाला. पोरगा खरंच गुणाचा. पल्लवीची अंगठी सहज निघाली. त्याची निघेना. ओढून ओढून बोट गाजरासारखं लाल झालं. निखिलचे वडील खुर्चीतून उठून आमच्याकडे येऊ लागले. मी निखिलला घाईघाईने स्वयंपाकघरात नेलं, बोटाला तूप चोळलं आणि सगळा जोर लावून अंगठी ओढली. ती निघाली. नुसती निघाली नाही, उडाली, आणि समोरच्या कढीच्या बादलीत पडली.

वाढप्याने ती बादली तेवढ्यात उचलली आणि तो पंगतीकडे चालू लागला. मी ओरडेपर्यंत अर्धी पंगत वाढून झाली होती.

मला पुन्हा माइक घ्यावा लागला. ‘मंडळी, विनंती आहे, कढी जरा चावून प्या.’

दीडशे माणसं कढी चावू लागली. एकाला मोहरी सापडली, एकीला मिरची. मीही पंगतीच्या टोकाला बसून उरलेल्या कढीच्या वाट्यांमागून वाट्या रिचवू लागलो. सातव्या वाटीला कटकन आवाज झाला. अंगठी सापडली आणि माझी दाढ गेली.

निखिलची एक मावशी मुकुटबनहून आली होती. मोबाइल खिशात ठेवा हे ऐकून न ऐकल्यासारखं करणारी ती एकटी; पण पहिल्या वेळी तिच्या मोबाइलसमोर नेमका मीच आडवा उभा होतो. अंगठ्या पुन्हा घातल्या तेव्हा तिने समोर उभं राहून, सगळे बघत होते तिकडेच बघून फोटो काढले. सुरेख आले. पल्लवी हसतेय, निखिल हसतोय, अंगठी चमकतेय. त्याआधीचाही एक आहे: मी, आ वासलेला, दोन बोटं तोंडात. ताईने अल्बममध्ये तो पहिल्या पानावर लावला.

लग्नाचे फोटो कोण काढणार, हे कुणी मला विचारलं नाही. मावशी आली. मीही दिवसभर फोटोच्या कामातच होतो, म्हणजे तिचा लाइट धरून उभा होतो.

‘भाऊ, थोडे सरका,’ ती दर पाच मिनिटांनी म्हणे, ‘तुमची सावली पडून राह्यली पोरीवर.’

आणि आतला कलावंत मुकाट्याने सरकत होता.