दोन खुनशी नायक आणि माझा गुडघा

ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात मुंबईच्या चुलतभावाने शिरोड्याला कॉमिक्सचा बांधीव गठ्ठा आणला. त्यात दोन वेगवेगळ्या मालिकांतले खुनशी नायक एकमेकांवर तुटून पडायचे. चुलतभाऊ एकाच्या बाजूचा, माझा सख्खा भाऊ दुसऱ्याच्या. घरापुढच्या खळ्यात आमसुलांसाठी रतांबे फोडताना दोघांनी एकमेकांना रक्त येईस्तोवर ओरबाडलं. मी खूश होते. तेवढे दिवस मेले मला मारायचं विसरले होते.

शेवटच्या पानावर मात्र ते नायक हातमिळवणी करून तिसऱ्यालाच ठेचतात. ते वाचून दोघे हसले.

"हिका धर रे," भाऊ म्हणाला.

चुलतभावाने धरलं. भावाने माझ्या खरचटलेल्या गुडघ्यावर रतांब्यांच्या रसाचं खारवलेलं आगळ ओतलं.

भांडणाऱ्यांचा समेट झाला की आजही मी आधी दार शोधते.