पुतण्याच्या स्मारकापुढचं भाषण

माझा पुतण्या सीमेवरच्या लढाईत गेला, तेव्हा त्याला नीट मिशाही फुटल्या नव्हत्या. दरवर्षी त्याच्या स्मारकापुढं भाषण मीच करतो. "या चुलत्यानंच त्याला घडवलं," असं सरपंच सांगतात.

खरं असं, की भरतीत दोनदा नापास झाल्यावर त्याला गोठा वाढवायचा होता. "काका, मला गायांतच करमतं," म्हणाला. मी पारावर चारचौघांत हसलो. "मग बांगड्या भर आन् शेण काढ." दुसऱ्या पहाटेपासून तो पुन्हा धावायला लागला. पुढच्या भरतीत नगरला निवडला गेला. पेढे मीच वाटले.

यंदा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याच्या आईला, वहिनींना, हे सांगून टाकलं. त्या धार काढत होत्या. हात थांबला नाही.

"ठावं हाय मला, भावजी. त्यानंच सांगितल्तं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोलून काय हुनार? उद्या भाषण करा. तुमी गप बसलात तर लोक कारण इचारत्याल. पोरगं मनानं गेलंच नव्हतं, हे गावभर हुईल. त्याचं तेवढंच नाव राह्यलंय."

दुसऱ्या दिवशी मी बोललो. नेहमीसारखंच, चांगलं बोललो.