खिशातलं पत्र, रेडिओवर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. आजही उडवतो. पण गेल्या वेळी या सदरात कुणीतरी लिहिलं, "असले अनुभव म्हणजे शुद्ध थापा"... आणि माझं डोकंच फिरलं. म्हणून लिहितोय. आम्हा तंजावरी लोकांचं मराठी तुम्हाला जुनाट वाटेल — खुशाल हसा.

१९८७ सालची गोष्ट. मी कुंभकोणमला पितळी समयांच्या दुकानात कामाला होतो. नाद एकच — तळहाताएवढ्या पॉकेट रेडिओवर परदेशी स्टेशनं पकडायची. स्टेशन लागलं की वेळ नि काय ऐकलं ते लिहून त्यांना रिपोर्ट पाठवायचा; पडताळून खरा निघाला की ते छापील कार्ड पाठवतात. असल्या नादिष्टांच्या आमच्या क्लबचा नियमही एकच: कानांनी ऐकलं तेवढंच सांगायचं.

त्या दिवशी संध्याकाळी पाचला मी नि माझे वडील, अप्पा, गच्चीवर बसलो होतो. समुद्रापलीकडच्या एका बेटाचं स्टेशन खरखरत लागलं. एक बाई श्रोत्यांची पत्रं वाचत होती. आणि... माझं नाव! "कुंभकोणमहून लिहितात, माझे वडील कानामागे हात धरून तुमचं स्टेशन ऐकतात." मध्येच जराशी खोकली, मग म्हणाली, "वडिलांना आमचा नमस्कार सांगा." अप्पांनी चक्क रेडिओला हात जोडले. "अरे, तुझंच पत्र की रे हे!"

माझंच होतं. पण दुपारी लिहिलेलं ते पत्र माझ्या शर्टाच्या खिशात होतं — तिकीट लावलेलं, अजून पेटीत न टाकलेलं!

दुसऱ्या दिवशी ते टाकलं, नि रविवारी क्लबात जे ऐकलं ते सांगितलं, पत्र तेव्हा खिशातच होतं हेही. सेक्रेटरी सगळ्यांसमोर हसला. "कार्डासाठी आता कथा रचतोस काय?" आणि क्लबाच्या वहीतून माझं नाव खोडलं. पुढच्या रविवारी अप्पा स्वतः धापा टाकत जिना चढून गेले. "मी या कानांनी ऐकलंय," म्हणाले. तर तो, वडीलधाऱ्यांना तमिळमध्ये हाक मारतात तशी मारून, म्हणतो कसा — "अय्या, या वयात मुलासाठी खोटं बोलू नका." उभ्या जन्मात खोटं न बोललेल्या माणसाला! अप्पांनी त्यानंतर रेडिओला हात लावला नाही. दोन महिन्यांत गेले.

त्यांचं तेरावं झालं त्या आठवड्यात मी पाचला गच्चीवर गेलो. तीच बाई. माझंच पत्र. शब्द तेच, त्याच जागी तोच खोकला. "वडिलांना आमचा नमस्कार सांगा." कुणाला सांगू? ढसाढसा रडलो.

या वेळी अख्ख्या क्लबानं ऐकलं. सेक्रेटरी हसत घरी आला, "अरे, वाचलं की तुझं पत्र!" मी म्हटलं, "आजच नाही, त्या दिवशीही वाचलं होतं." तो म्हणाला, "सोड ना आता." कसं सोडू? मग दोन्ही वेळांचा रिपोर्ट पाठवला; स्टेशनचं कार्डही आलं, पण फक्त दुसऱ्या वेळेच्या तारखेचं. मी ते भिंतीवर लावलेलं नाही.

हे कसं घडलं, मला आजही ठाऊक नाही. आता स्पष्टीकरण मागतही नाही मी. सेक्रेटरी अजून कुंभकोणमलाच आहे, वहीही त्याच्याकडेच आहे. तिच्यात एकच ओळ लिही म्हणावं — अप्पा खरं बोलले होते.